उतारावरची वाकडी तासं

“नजर समोरच्या झाडावर ठेव. पायाकडे बघू नको, बैलांकडे बघू नको.” नांगराच्या मुठीवर माझा इवलासा हात, त्यावर आबांचा राकट हात आणि मागून येणारा त्यांचा तो आवाज. आबांचं तास, म्हणजे नांगरानं मातीत ओढलेली चरी, अगदी ताणलेली दोरी. माथ्यावरून निघायचं ते थेट पायथ्याला. सगळा गाव माझ्या बापाला ‘दोरी’च म्हणायचा. ती हाक ऐकली की आबा दोन बोटं उंच व्हायचे.

पुढे पावसाचं तंत्र बिघडलं. महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळायचा आणि मग तोंड दाखवायचा नाही. दोन वर्षं मका उभ्या उभ्या वाळला. आबांचे गुडघेही थकले. म्हणाले, “या वर्षी तू कर. नाही जमलं तर उतार शेजारच्या काकांना वाट्यानं देऊ, तसं बोलून ठेवलंय.”

मी तीन काठ्यांची कैची बांधली, मधे सुतळीला दगड सोडला. दगड मधोमध थांबला की कैचीचे दोन्ही पाय समपातळीत, तिथे खुंटी. खुंट्यांच्या मागोमाग, उताराला आडवा नांगर धरला. तासं वळत गेली, कुशीतल्या लेकराभोवती आईचा हात वळावा तशी.

काका बांधावर थांबले. “काय गं, नांगराला घेरी आली होती का?”

“पाण्याला येऊ दे, काका. फिरून फिरून दमेल, बसेल खाली.”

“दोरीची लेक, आणि हा असा गुंता.”

आबा ऐकत होते. त्या दिवसापासून ओट्यावर शेताकडे पाठ करून बसू लागले. काकांचं मला काही वाटलं नाही. ती पाठ मात्र टोचायची.

मग एका दुपारी आभाळ फाटलं. उघडीप झाली तशी मी धावले. काकांच्या शेतात प्रत्येक सरळ तासाचा ओहोळ झाला होता, रोपं मुळं उघडी टाकून पडली होती, माती रस्त्यावर. माझ्या तासांत गढूळ पाणी बशीतल्या दुधासारखं गुमान बसलं होतं, आणि जमीन घोट घोट पीत होती. वरचं एक तास फुटलं होतं. ते चिखलात बसून हातानं लिंपलं.

नंतर पाऊस गेला तो गेलाच. माझा मका मात्र कमरेला आला, खांद्याला आला, डोक्यावरून गेला.

कापणीच्या तोंडावर काका आले. कणीस सोलून दाणे दाबून पाहिले. “आबा, उताराचं बोलणं झालं होतं आपलं.”

आबा गुडघ्यांवर हात देत उठले. “उतार कुणाला द्यायचा नाही. लेक करते. तुझंही असं करून हवं असेल तर तिच्या मिनतवाऱ्या कर.”

“करतो की,” काका हसले. “कैची उसनी देशील ना गं?”

ते गेले. आबा काठी टेकत शेतात उतरले, तासाच्या वळणानं हळूहळू चालत राहिले. मी मागे. बऱ्याच वेळानं थांबले, मान न वळवता बोलले.

“पहिल्या खुंटीलाच कळलं होतं मला, तुझं बरोबर आहे. पाठ करून बसायचो ते हेवा वाटायचा म्हणून. माझ्यापेक्षा चांगलं नांगरतेस तू.”