डोळ्यातलं तांबं

“लोहा गया, सोना आया!” तांबेबाबा गरजला आणि निळ्या-हिरव्या तीर्थातून त्यानं खिळा वर काढला. काळा खिळा तांबूस-पिवळा झळकत होता. शे-दीडशे माणसं एकदम हात जोडून वाकली.

१९६३ सालची गोष्ट. मी तेव्हा पांढरकवड्याच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. जवळच्या तांड्यावर लालसिंगच्या सोळा वर्षांच्या मानीच्या अंगात देवी आल्याचं कानावर आलं, म्हणून गेलो. पोर खाटेवर बसली होती. हात सारखे थरथरत, तोंडातून लाळ गळे, बोलणं जड झालेलं.

“तिच्या डोळ्यात पाहा! देवीआईनं सोन्याचं कडं घातलं!” बाबा सांगत होता.

खरंच, बुबुळाभोवती सोनेरी-हिरवं कडं होतं. असं कडं मी फक्त वैद्यकाच्या पुस्तकात पाहिलं होतं. बाबा पोरीला रोज घोटभर तीर्थ पाजत होता. ती ओकली की म्हणे, “देवी मळ बाहेर टाकून राह्यली.”

मी लालसिंगला विचारलं, “ज्वारीवर काणी रोग पडू नये म्हणून बियाण्याला लावता, ते मोरचूद आहे का घरात?”

“हाये. काहून?”

पेलाभर पाण्यात मोरचुदाचा खडा विरघळवला, त्यात खिळा सोडला. थोड्या वेळानं काढला, तर बाबाच्या खिळ्यासारखाच!

“मोरचुदात तांबं असतं. ते लोखंडावर चढतं. यात सोनं नाही, देवीही नाही. आणि पोटात गेलं तर हे विष आहे.”

लोक हसले. बाबा “कलियुग हाये” म्हणत झोळी उचलून सटकला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात मानीची आई हंसाबाई पुढं आली. “डाक्टरसायेब, मंग माह्या पोरीले झालं तरी काय?”

मी सांगितलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीला कणभर तांबं लागतं. अन्नातून येतं ते जास्तच असतं. उरलेलं पित्तावाटे बाहेर टाकायचं काम यकृताच्या पेशींचं. मानीच्या पेशींना ते जन्मापासूनच जमत नव्हतं. तांबं आधी यकृतात साठलं, मग मेंदूत, डोळ्यांत. आणि बाबा वरून तांबंच पाजत होता.

“औषध?”

“माझ्याकडे नाही. विलायतेत निघालंय. मी पत्रं लिहितो.”

नागपूरला लिहिलं, मुंबईला लिहिलं. औषध आलं नाही. हिवाळ्यात मानीला घास गिळवेना. शेवटी शेवटी तिला फक्त ‘याडी’, म्हणजे आई, एवढंच म्हणता येई. मग तेही थांबलं. पौषात ती गेली.

हा आजार सख्ख्या भावंडांतही असू शकतो. म्हणून तिच्या धाकट्या बहिणीला, मोतीला, तपासायला मी पुन्हा गेलो. लालसिंग दारातच उभा राहिला.

“तुमी बाबाले हाकललं, देवी कोपली. एक पोरगी गेली. आता दुसरी कायले मांगता?”

“अरे, ते तीर्थच विष होतं!”

“तुमचं औषद तरी कुठं आलं, सायेब?”

हंसाबाईनं आतून दार लोटून घेतलं. पंधरा दिवसांनी कळलं, बाबा आता ढाणकी गावात ठाण मांडून बसलाय आणि लालसिंग मोतीला तिकडेच घेऊन गेलाय.

मी हरलो, हे खरं. पण माझं औषध आलं नाही म्हणून विषाचं अमृत होत नाही. “माझ्याकडे इलाज नाही” असं जो तोंडावर सांगतो, त्याच्याकडे लेकरू पुन्हा घेऊन या. सगळं बरं करतो म्हणणाऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा त्याला पाजू नका.