चैत्रातला आश्रुबा

आमच्या तलवाड्यात आश्रुबा शाहिराच्या नावानं दरवर्षी पौषात गाण्यांचा मेळा भरतो. तिकीट नाही, पास नाही. कुणीही यावं, मांडी घालून बसावं आणि ऐकावं. सहा वर्षं मी त्या मेळ्याचा चिटणीस होतो, आणि सहा वर्षं आम्ही एक चूक माइकवरून गात होतो. चूक माझी होती, म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

आश्रुबा ऊसतोड करायचा. शाळेचं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं. कोयता चालवता चालवता गाणी रचायचा आणि ती टोळ्या-टोळ्यांतून जिल्हाभर जायची. गेवराईपासून नेकनूरपर्यंत त्याचं गाणं माहीत नाही असं घर सापडणार नाही. पण लिहून कुणीच ठेवलं नव्हतं. एका पौषात तो उसाच्या फडावरच वारला. पुढच्या वर्षी आमचे माजी सरपंच अर्जुनराव यांनी त्याच्या पुण्यतिथीला मेळा सुरू केला. अर्जुनराव मोठे बागायतदार. तरुणपणी त्यांनी आश्रुबाला स्वतःच्या बांधावर बसवून ऐकलं होतं. त्यांचं प्रेम खरं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मी शिवशंकर, त्यांच्या संस्थेच्या शाळेत मराठी शिकवतो. गाणी गोळा करून पुस्तिका काढायचं काम साहजिकच माझ्याकडं आलं. दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला गेल्यावर गावात जे मागं राहिले होते, त्यांच्याकडून मी ऐकली आणि लिहिली. म्हातारी माणसं, दुकानदार, चार भजनी. त्यातलं एक गाणं सगळ्यांच्या आवडीचं:

पाचटाची शेज बाई, सुखी शेज कर
दवानं गारठलं लेकरू, पदराखाली धर

या एका ओळीवर किती भाषणं झाली असतील! प्रत्येक पाहुणा म्हणायचा, बघा, उसाच्या पाल्यावर झोपणारा हा माणूस त्यातही सुख शोधत होता. मुलांनी त्यावर निबंध लिहिले. मीच ते तपासले.

गेल्या वर्षी पाडवा झाला आणि टोळ्या परतल्या. त्याच आठवड्यात शाळेच्या व्हरांड्यात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक साठीपुढची, उन्हानं करपलेली, ताठ. ती भिवराबाई, आश्रुबाची धाकटी बहीण. भाऊ गायचा तेव्हा मागून सूर धरायची ती हीच. दुसरी तिची सून वर्षाराणी, दहावी झालेली. तिच्या हातात माझी पुस्तिका होती.

"सर, हे तुमीच लिव्हलंय न्हवं?" भिवराबाईनं विचारलं.

"हो. बसा ना."

"बसते. आधी हे सांगा, ह्यात 'सुखी' कुठनं आणलं?"

मी म्हणालो, "म्हणजे कष्टातसुद्धा माणूस..."

"तुमी पाचटावर कवा निजलायसा?"

"नाही."

"सुकी हाय ते. सुकी! वाळलेली." तिनं तळहात फरशीवर दाबून दाखवला. "पाचट वलं असलं की लेकराची छाती भरती. दादाची पयली पोरगी तशीच गेली, फडावरच्या खोपटात, कोपीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं हे गाणं केलं. सुख कसलं त्यात?"

आपली माणसं 'आम्ही'चं 'आमी' करतात, 'तुम्ही'चं 'तुमी' करतात, तसंच 'सुखी'चं 'सुकी' केलं असणार, असं मी धरून चाललो होतो. मला 'सुकी' असंच सांगितलेलं होतं. मीच शहाणपणानं दुरुस्त केलं होतं. एका बापानं मेलेल्या लेकीसाठी केलेलं गाणं मी सुखाचं करून ठेवलं.

"सहा साल झाली," भिवराबाई म्हणाली. "येवढी माणसं जमतेत. कुणीच टोकलं न्हाई कावून?"

उत्तर वर्षाराणीनं दिलं. "टोकणार कोण आत्या? पौषात टोकणारे समदे फडावर."

भिवराबाई उठली. "मेळा चैतात घ्या. आमी गावात असताना. चला, अर्जुनरावांना सांगू."

ग्रामपंचायतीच्या खोलीत समितीची बैठक झाली. अर्जुनरावांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, पुण्यतिथी ती पुण्यतिथी. ती आपल्या सोयीनं बदलता येत न्हाई."

"दादा पौषात गेला हे खरं हाय," ती म्हणाली. "पण ज्यांच्यासाठी गायला, त्यातलं एक बी माणूस त्या मांडवात नसतं. मी सख्खी बहीण. मी अजून मेळा बघितला न्हाई."

"शब्दाचं बघू आपण. पुढच्या छपाईत सर दुरुस्ती करतील. पण तारीख हलायची न्हाई. आन् एका माणसाचे दोन मेळे बी व्हायचे न्हाईत. गावात फाटाफूट नको."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी चिटणीस होतो, दोन शब्द बोलायला हवे होते. मी वहीत काहीतरी लिहीत राहिलो. त्या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

भिवराबाई उठली. "मग आमचा आमी करू," एवढंच म्हणाली आणि निघाली.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी म्हणालो, "मी येतो तुमच्याबरोबर. काय करायचं सांगा."

तिनं वर न बघता विचारलं, "नोकरी त्यांच्याकडं हाय न्हवं तुमची?"

"आहे."

"इचार करून आलायसा?"

"करूनच आलोय."

"मग उद्या नेकनूरला चला. सटवाला आणायचंय."

सटवा आश्रुबाचा हलगीवाला. आश्रुबा गेल्यापासून त्यानं हलगीला हात लावला नव्हता. आम्ही समितीवाल्यांनी त्याला कधी बोलावलंही नव्हतं. आम्ही बीडहून ऑर्केस्ट्रा आणायचो. एसटीनं बीड, तिथून नेकनूरची गाडी, मग पुढं पायी. सटवा दारातल्या बाजेवर बसला होता. सत्तरी कधीच ओलांडलेली, बोटं वाकडी झालेली.

"हात राह्यले न्हाईत भिवरा," तो म्हणाला. "दुसरा कुणी बघ."

"दुसरा न्हाई." ती उंबऱ्यावर बसली. "चारची गाडी हाय. चुकली तर उद्याची धरीन."

त्याच्या सुनेनं चहा दिला. तो प्यालो. ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. मी दोनदा घड्याळ पाहिलं, तिनं एकदाही नाही. शेवटी सटवा कुरकुरत उठला, आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेली हलगी घेऊन आला. अंगणात काटक्या पेटवल्या, चामडं शेकलं, बोटानं टिचकी मारून ऐकलं, पुन्हा शेकलं. मग एकच थाप मारली. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली.

"किती तारखेला हाय?" त्यानं विचारलं.

पुढचे पंधरा दिवस ती गावोगाव फिरली. पत्रिका नव्हतीच. बाजारात, पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात जाऊन सांगायची, "शनवारी पाचला या. गाणं येत असलं तर म्हणा, न्हाई तर ऐका." जागा तिनंच ठरवली. गावाबाहेरचा माळ, जिथं परतीचे ट्रक टोळ्या उतरवतात. ती कुणाच्या बापाची नव्हती.

चौथ्या दिवशी मला अमरसिंहांचा फोन आला. ते अर्जुनरावांचे चिरंजीव. शाळेचा कारभार तेच बघतात आणि पुढच्या निवडणुकीकडं डोळे लावून बसलेले.

"सर, तुमी आमच्या संस्थेत हायसा, हे ध्यानात हाय ना?"

"आहे, साहेब."

"वडलांचा अपमान व्हतोय ह्यात. तुमी बाजूला व्हा."

मी म्हणालो, "साहेब, चूक मी छापली. ती मला लोकांसमोर सांगायची आहे. ते झालं की तुम्ही म्हणाल ते."

त्यांनी फोन ठेवला. बोलून झालं होतं, आणि ते परत घ्यावंसं वाटलं नाही.

शनिवारी दुपारी तीनला माइक-जनरेटरवाल्यानं निरोप पाठवला की त्याला जमायचं नाही. कुणाचा फोन गेला असावा हे सगळ्यांना कळलं. मी भिवराबाईकडं धावत गेलो. ती माळावरचे दगड वेचत होती.

"माइक नाही येत."

"फडावर कुठं माइक व्हता?" तिनं दगड बाजूला टाकला. "जवळ जवळ बसू."

साडेचारपासून माणसं यायला लागली. चालत, टेम्पोतून, दुचाकीवर तिघं तिघं. बायकांनी येताना कोपीवरच्या ताडपत्र्या आणल्या होत्या. हंगामभर ज्यांच्याखाली राहिल्या, त्याच अंथरून त्या बसल्या. उन्हाची धग होती, पदरानं वारं घालत होत्या, पण उठत कुणी नव्हतं. पाच वाजता मी मोजायचा प्रयत्न केला आणि तीनशेच्या पुढं सोडून दिला.

आधी मी उभा राहिलो. आवाज बसला होता, तरी ओरडून सांगितलं की पुस्तिकेत 'सुखी' छापलं ते चुकीचं आहे. आश्रुबानं 'सुकी' म्हटलं होतं. कुणाला न विचारता मी ते बदललं. त्याच्या लेकीचंही सांगितलं. पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आमाला ठावं हाय की!" लोक हसले. त्या हसण्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

मग सटवानं थाप दिली आणि भिवराबाई उभी राहिली.

पाचटाची शेज बाई, सुकी शेज कर
दवानं गारठलं लेकरू, पदराखाली धर

दुसऱ्या ओळीला सगळ्या बायका तिच्याबरोबर होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या पुस्तिकेत नसलेलं कडवंही त्यांना येत होतं:

कोपीला न्हाई दार बाई, दाराला न्हाई कडी
पहाटंच्या आधी येती फडावरची गाडी

इतक्या वर्षांत मी आश्रुबाचं गाणं ऐकलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

गाणं संपता संपता रस्त्यावर जीप थांबली. अर्जुनराव एकटेच उतरले. लोक बाजूला सरले, कुणीतरी खुर्ची शोधायला पळालं. ते "नको" म्हणाले आणि ताडपत्रीवर बसले. धोतराला माती लागत होती. तासभर त्यांनी ऐकलं. टोळी-टोळीतली माणसं उठत होती, गात होती, बसत होती. दोन गाण्यांच्या मधे ते म्हणाले, "भिवराबाई, ते मोटंवरचं येतं का? माझ्या बांधावर म्हणलं व्हतं त्यानं."

"येतं की." तिनं ते गायलं. अर्जुनराव खाली मान घालून ऐकत होते.

दिवेलागणीला सगळे पांगले. अर्जुनराव माझ्याजवळ आले. "सर, पौषातला बंद करायचा न्हाई."

"नाही करायचा."

"ह्यो बी चालू द्या." मग म्हणाले, "आन् पुस्तक नीट करा आता. भिवराबाईला बसवून."

एवढ्यानं सगळं गोड झालं असं नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि माझ्या हातात बदलीचा कागद पडला. संस्थेची दुसरी शाळा, अठरा किलोमीटर. अर्जुनराव म्हणाले, कारभार आता पोराकडं हाय. मी रोज मोटारसायकलीवर जातो-येतो. बायको पहिले दोन महिने रागावली होती, नंतर तिनं डबा लवकर करायला सुरुवात केली.

पुस्तिका मात्र नीट झाली. टोळी फडावर गेल्यावर वर्षाराणी फोन करायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत भिवराबाई एकेक ओळ सांगायची, मागं बायका भर घालायच्या, आणि मी लिहून घ्यायचो. एकेचाळीस दुरुस्त्या निघाल्या. दर वेळी मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचो. त्यांनी पास केलं तरच पुढं जायचो.

यंदाच्या चैत्रात पुन्हा मेळा भरला. यंदा माइक होता. नेकनूरकडच्या टोळीतली एक तिशीतली बाई उठली आणि तिनं एक गाणं म्हटलं. गरोदरपणी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारीचं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. घाईनं वही काढली आणि भिवराबाईला विचारलं, "हे आश्रुबाचं कुठलं?"

ती डोळे बारीक करून शेवटपर्यंत ऐकत होती.

"हे दादाचं न्हाई," ती म्हणाली. मग त्या बाईला हाक मारली, "ये पोरी, हे कुणी केलं?"

बाई लाजली. "मीच केलंय मावशी. सहज."

"नाव काय तुझं?"

"सत्यभामा."

भिवराबाईनं तिला हाताला धरून पुढं आणलं, माइक तिच्या तोंडाशी केला आणि मला म्हणाली, "लिव्हा सर. आधी हिचं नाव लिव्हा."