सोळा खाटांची हजेरी

"चादर पायाकडून उचला," टाचाबाई म्हणाल्या. "तोंडाकडून नको. तोंड सगळेच पुसून ठेवतात."

मोठ्या सिस्टरांनी चार नंबरच्या खाटेवरची चादर पायाकडून वर केली. टाचाबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, वाकल्या आणि झोपलेल्या म्हाताऱ्याच्या दोन्ही टाचा अंगठ्याने दाबून पाहिल्या. तेल लावलेल्या, मऊ, कुठे लाली नाही की फोड नाही. सात महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या टाचा अशा असणे ही सोपी गोष्ट नव्हती. कोणीतरी दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवत होते.

त्यांचे खरे नाव कागदांवर होते, पण गावोगावच्या सेवाघरांत त्यांना टाचाबाईच म्हणत. माघारी म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होते. बरे होणे ज्यांच्या नशिबात उरलेले नाही अशा आजाऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळणारी ही घरे तपासायची आणि त्यांना गुण द्यायचे, ही त्यांची नोकरी. वीस वर्षे त्या हेच करत होत्या. न कळवता यायचे, आधी टाचा बघायच्या, मग मनगटे, मग उशाची घंटा दाबून घड्याळ हातात धरून उभे राहायचे. फरशी तासाभरात चकाचक करता येते, फुलदाण्या शेजारून मागून आणता येतात, टाच मात्र आयत्या वेळी दुरुस्त होत नाही, असे त्या नव्या तपासनिसांना सांगत.

आज मात्र त्या तक्रारीवरून आल्या होत्या. ह्याच चार नंबरच्या म्हाताऱ्याच्या मुलाने अर्ज दिला होता. 'माझ्या वडिलांना इथे मारहाण होते. त्यांचे हात काळेनिळे असतात.' तक्रार खरी निघाली तर सेवाघराला टाळे लागणार होते आणि सोळा खाटांवरचे सगळे आजारी मोठ्या इस्पितळाच्या व्हरांड्यात जाऊन पडणार होते.

त्यांनी म्हाताऱ्याचा हात उचलला. बोटांची पेरे खरोखरच काळीनिळी होती. पण मनगटावर बांधल्याचा वळ नव्हता.

"हे कशानं झालं?"

"खाटेच्या कठड्याला लागतं झोपेत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. तीस वर्षे नोकरी करूनही त्यांना खोटे बोलता येत नव्हते.

"कोण आहेत हे?"

"जेलरसाहेब. तुरुंगात नोकरी होती. आता डोक्यात गाठ आहे. किती दिवस राहिलेत ते सांगता येत नाही."

तेवढ्यात मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आली. पन्नाशीची, आडव्या अंगाची, समोरचा एक दात पडलेला. एवढ्या उकाड्यातही तिने मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके घातले होते. तांब्या ठेवताना उजवी बाही वर सरकली आणि टाचाबाईंना तिच्या हातावरची चकंदळे दिसली. लाल, गोल, कडेला खपली धरलेली. एक नाही, पाच-सहा.

"हे काय? गजकर्ण?"

मावशीने मोठ्या सिस्टरांकडे पाहिले. मोठ्या सिस्टर अजून खिडकीतच होत्या.

"हो बाई. तेच असेल."

"असेल म्हणजे? अंगावर गजकर्ण घेऊन आजाऱ्यांना हात लावता? मोठ्या सिस्टर, तुम्हाला दिसत नाही? ह्यांना आत्ताच्या आत्ता खोलीबाहेर काढा. बरं होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही."

"चार वाजेपर्यंत राहू द्या ना बाई," मावशी म्हणाली. "चारला ते उठतात. तेव्हा मी लागते."

"दुसरं कोणी बघेल."

मावशी बाही खाली ओढून बाहेर गेली. टाचाबाईंनी तक्त्यात 'कर्मचाऱ्यांचे आरोग्य' ह्या रकान्यात शून्य मांडले.

चहा कचेरीत आला. टाचाबाई नोंदवही चाळत होत्या आणि नोंदी चोख होत्या. त्यांना ह्या घराला नापास करायचे नव्हते, आणि हे स्वतःशी कबूल करायला त्यांना आवडतही नव्हते. तक्त्याच्या दुसऱ्या पानावर वरून तिसरा प्रश्न होता, 'आजाऱ्याला बांधले जाते का?' त्यापुढे होकार आला की बाकीचे गुण मोजायचेच नाहीत, घर बंद. हा नियम टाचाबाईंनीच भांडून करून घेतला होता. इतक्या कशासाठी भांडल्या, हे कचेरीत कोणालाच माहीत नव्हते.

त्या बावीस वर्षांच्या होत्या तेव्हा, नव्या नर्स. वडील इस्पितळात होते. त्या माणसाने आयुष्यभर बायकोला पट्ट्याने फोडून काढले आणि मरतानाही त्याचा हात थांबत नव्हता. एका दुपारी त्याने आईच्या थोबाडीत मारली, तशी टाचाबाईंनी त्याचे दोन्ही हात बँडेजने खाटेला बांधले. दुहेरी गाठ मारली. दहाच मिनिटे, आई चहा पिऊन येईपर्यंत, असे ठरवून त्या तिच्याबरोबर गेल्या. परत आल्या तेव्हा तो गेलेला होता आणि मनगटे सोलून निघाली होती. गाठी सोडवायला त्यांचे हात चालेनात. दुसऱ्याच कोणा नर्सने कात्रीने बँडेज कापले.

चार वाजून पाच मिनिटांनी खोलीतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ माणसाची किंकाळी.

टाचाबाई धावल्या. मावशीच्या जागी धोबीखान्यातला माणूस उभा केला होता. तो आता जमिनीवर बसला होता आणि नाकावर धरलेल्या बोटांमधून रक्त गळत होते. जेलरसाहेब खाटेवर गुडघ्यांवर उभे होते, अंगाचा नुसता सापळा उरलेला, आणि हातात तो पाण्याचा तांब्या. "गेट कोणी उघडं ठेवलं?" ते ओरडत होते. "हजेरी कुठाय? किती पळाले? सांग, किती पळाले?" तांब्या पुन्हा खाली आला आणि धोब्याच्या खांद्यावर बसला. औषधाच्या बाटल्या फुटून फरशीवर काचा झाल्या होत्या. दोन नंबरच्या म्हाताऱ्या मास्तरीणबाई भिंतीला चिकटून बसल्या होत्या.

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आत शिरला आणि त्याने म्हाताऱ्याला मागून कव घातली. म्हाताऱ्याने डोके मागे आपटून त्याचा ओठ फोडला. ड्रायव्हर पेटला. त्याने म्हाताऱ्याला उताणे पाडले, छातीवर गुडघा रोवला आणि मूठ उगारली.

"मारू नका त्यांना!" टाचाबाई ओरडल्या. आणि त्याच दमात पुढचे शब्द बाहेर पडले, "बांधा! हात बांधा आधी!"

ड्रायव्हरने आणि धोब्याने मिळून बांधले. ट्रॉलीवरचे बँडेज घेतले आणि दोन्ही हात कठड्यांना करकचून आवळले. म्हातारा डोके लोखंडावर आपटायला लागला. एकदा, दोनदा, पाच वेळा. कपाळाची कातडी फाटली आणि रक्त डोळ्यांत उतरले. टाचाबाई भिंतीशी उभ्या राहून ते बघत होत्या. आपण काय बोललो ते त्यांना आत्ता ऐकू आले होते.

त्या पुढे झाल्या आणि उजव्या हाताची गाठ सोडवू लागल्या. ती जेमतेम ढिली झाली, तोच म्हाताऱ्याने त्यांचा अंबाडा मुठीत धरला आणि तोंड कठड्यावर आपटले. चष्म्याची एक काच फुटली. तोंडात रक्ताची चव आली. केस सुटत नव्हते आणि ड्रायव्हर म्हाताऱ्याच्या बोटांवर ठोसे मारत होता.

"सरका," दारातून आवाज आला. "सगळे सरका. ड्रायव्हरदादा, हात काढा."

खोलीत पाऊल टाकायचे नाही हा हुकूम मोडून मावशी आत आली होती. ती काचांवरूनच चालत आली. बाही कोपरापर्यंत वर केली आणि उजवा हात म्हाताऱ्याच्या तोंडाशी नेला. म्हाताऱ्याने तो चावला. दात रुतलेले सगळ्यांना दिसले. मावशीने डोळे मिटून घेतले, पण हात मागे ओढला नाही. ओढला की मांस तुटते, हे तिला ह्या सात महिन्यांत कळले होते.

"गेट बंद आहे, साहेब," ती हळूच म्हणाली. "कोणी पळालं नाही. हजेरी घ्या."

अंबाड्यावरची मूठ सुटली. टाचाबाई मागे झाल्या. म्हाताऱ्याने दात काढले आणि मावशीचा तोच हात मनगटापाशी घट्ट धरला. मुठीच्या वर आता एक नवे लाल चकंदळ उठले होते, जुन्यांच्या रांगेत, तेवढेच गोल. टाचाबाईंनी ते पाहिले आणि त्या गर्रकन वळल्या.

"मला सांगितलं का नाही तुम्ही?" त्या मोठ्या सिस्टरांना म्हणाल्या.

"काय सांगू? इजा करणारा आजारी ठेवायचा नाही, असा नियम आहे तुमचा. सांगितलं असतं तर त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागलं असतं. तिथं बांधूनच ठेवतात, बाई."

म्हातारा हजेरी घेत होता. आवाज घोगरा, पण धाक तोच.

"एक नंबर?"

"हजर," पहिल्या खाटेवरून आले.

"दोन?"

मास्तरीणबाईंच्या घशात नळी होती. त्यांनी हात वर केला.

"तीन?"

"हजर हो, जाणार कुठं."

"चार नंबर," म्हातारा स्वतःच म्हणाला, "ड्यूटीवर."

रोजचेच होते हे. खोलीतले सगळे, शुद्धीवर असतील ते, रोज चार वाजता उत्तर देत आणि मग म्हातारा रात्रभर शांत पडून राही. नऊ नंबर आला तेव्हा ती खाट रिकामी होती. "सुटला, साहेब. काल सकाळी," मावशी म्हणाली. म्हाताऱ्याने मान हलवली. दहा, अकरा.

"बारा?"

"हजर."

तेरा काही आले नाही. सगळ्यांनी वाट पाहिली. म्हाताऱ्याचे डोळे उघडेच होते. मावशीने डाव्या हाताने त्याच्या नाकाशी तळवा धरला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग त्याच आवाजात, त्याच चालीवर ती म्हणाली, "तेरा?"

"हजर," तेरा नंबर म्हणाला. तिने सोळापर्यंत नेले. शेवटी मास्तरीणबाईंनी चार बोटे वर करून तिच्याकडे पाहिले.

"ड्यूटी संपली त्यांची," मावशी म्हणाली आणि तिचे ओठ वाकडे झाले.

तिचे मनगट अजून त्या मुठीत होते. मोठ्या सिस्टरांनी एकेक बोट उकलून ते मोकळे केले. टाचाबाई खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. डावा हात अजून बांधलेलाच होता. गाठ रक्ताने भिजून आवळली होती. त्या नखांनी ती उकलू लागल्या.

"कात्री देऊ?"

"नको. तुम्ही वही काढा. चार वाजून दहा मिनिटांनी बांधलं. किती वेळ, ते मी गाठ सुटल्यावर सांगते. कोणाच्या सांगण्यावरून, ह्याच्यापुढे माझं नाव घाला."

"अहो बाई, तुमच्या नावानं? नोकरीवर बेतेल तुमच्या."

"लिहा. तपासनिसानं बांधायला लावलं, घरानं नाही. मीही तक्त्यात तेच लिहिणार आहे."

मोठ्या सिस्टर लिहीत असतानाच मुलगा आला. पाचाला भेटायला येत असे, आज लवकर आला होता. तशीच चौकोनी हनुवटी, तशाच जाड मुठी. त्याने बापाचे रक्ताने माखलेले कपाळ पाहिले, बांधलेला हात पाहिला.

"कोणी बांधलं?"

"मी बांधायला सांगितलं," टाचाबाई म्हणाल्या.

त्याने त्यांच्या थोबाडीत मारली. उरलेला चष्मा उडून खाटेखाली गेला. ड्रायव्हर पुढे झाला, तसा टाचाबाईंनी हाताने त्याला थांबवले. मुलगा पुन्हा हात उचलून उभा होता, आणि बहुधा तेव्हाच त्याला मावशीचा उघडा हात दिसला. ताजे रक्त, आणि त्याच्यावर कोपरापर्यंत जुन्या खुणा. त्याचा उगारलेला हात तसाच राहिला.

"हे कशानं?" त्याने विचारले. आवाज लहान मुलासारखा आला. "हे... बाबांनी?"

मावशीने बाही खाली घेतली.

"नाही हो. गजकर्ण आहे माझं, जुनं. खाजवलं की रक्त येतं. ह्या बाईंनीच ओळखलं मघाशी."

मुलाने टाचाबाईंकडे पाहिले. त्यांचा गाल भाजल्यासारखा झाला होता आणि चष्म्यावाचून त्यांना त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या. "गजकर्णच आहे. मलम लावत जा, मावशी."

मुलगा खाली बसला आणि बापाच्या पायांवर डोके टेकून रडू लागला. त्याला कोणी उठवले नाही. टाचाबाई पुन्हा गाठीवर वाकल्या. एक पदर निघाला, दुसरा रक्ताने चिकटला होता, तो त्यांनी दातांनी ओढला. गाठ सुटली तेव्हा त्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन वेळ मोठ्या सिस्टरांना सांगितली. मग म्हाताऱ्याचे मनगट थोडा वेळ हाताने चोळले, हात चादरीत घेतला आणि काचांतून चष्मा शोधायला खाली वाकल्या.