केळ्याच्या पुडिंगचं पेटंट

व्हर्ना टिडवेलच्या घरी चर्चचं पाकपुस्तक होतं, पण त्यातलं शेवटचं पान नव्हतं. ते तिनं स्वतःच्या हातानं फाडून अंगणातल्या शेगडीत घातलं होतं, त्याला अठरा वर्षं झाली. आणि आता, २०१२ च्या ऑक्टोबरात, तेच पान शोधत तिच्या भाचीनं, डार्लानं, घर डोक्यावर घेतलं होतं.

डार्लाचा दोष एवढाच, की तिनं एक भलं काम केलं होतं. चर्चच्या सामुदायिक जेवणाला कोण काय आणणार, ते बायकांनी फोनवर लिहायचं आणि दोघींनी एकच पदार्थ लिहिला की घंटी वाजायची. एवढंसं ॲप, पण टेक्ससमधली तीनशे चर्चं ते वापरत होती. मग ब्राइटमेडो नावाच्या कंपनीचं पत्र आलं: घंटीची युक्ती आमची, १९९९ चं पेटंट आहे, परवाना घ्या किंवा बंद करा, नाहीतर मार्शल गावच्या कोर्टात या.

मार्शलमध्येच तर राहत होती ती! कंपनीचा पत्ताही तीन गल्ल्या सोडून, फुलवाल्याच्या वरच्या मजल्यावर. डार्ला दोन दिवस दार ठोठावून आली. दारावर पितळी पाटी, दाराला कुलूप. पोस्टमन हसून म्हणाला, "अगं, आत खुर्चीसुद्धा नाही. बसणार कोण?"

"म्हणजे यांनी काही बनवलं नाही, विकलं नाही, नुसता हक्क दाबून बसलेत?" व्हर्नाच्या घरी बसून डार्लानं वकील हॅस्केल प्रुइटला विचारलं. हॅस्केल चर्चमध्ये तिच्या मागच्याच बाकावर बसायचा.

"आयत्या बिळावर नागोबा," हॅस्केल म्हणाला. "याला पेटंट ट्रोल म्हणतात. खऱ्या कारागिराला पेटंटचं संरक्षण हवंच, माझी ना नाही. पण कल्पनेलाच कुंपण घालायचं म्हणजे अतीच झालं."

"दोघींनी एकच लिहिलं तर ओरडायचं, यात शोध कसला? माझी सासू जन्मभर तेच करतेय!"

"सासूचं छापील काही आहे का? १९९९ च्या आधी कुणी हेच केलं आणि छापलं, असं दाखवलं की पेटंट कोसळलंच समज."

डार्ला हळूहळू व्हर्नाकडे वळली. "मावशी! तूच की!"

खरं होतं. एका रविवारी जेवणाला सात जणींनी बटाट्याचं सॅलड आणलं आणि दुसरं काहीच नव्हतं. तेव्हा शाळेत गणित शिकवणाऱ्या व्हर्नानं चर्चच्या कॉम्प्युटरवर बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला; ओळींना नंबर दहा, वीस, तीस असे. १९९४ साली पाकपुस्तक निघालं, शेवटचं पान कोरं राहत होतं, म्हणून तिनं त्या ओळी तिथे छापायला दिल्या. मथळा: 'सात सॅलड टाळण्याची कृती'.

आणि पुस्तक हातात आल्यावर तिनं शेवटचं पान उघडून पाहिलं. चाळीस नंबरची ओळसुद्धा छापली गेली होती! त्या ओळीत तिनं केळ्याचं पुडिंग कायमचं स्वतःच्या नावावर करून ठेवलं होतं. चर्चमधल्याच ओव्हेटा क्रेननं पुडिंग लिहिलं, की यंत्र 'घेतलेलं आहे' म्हणून ओरडायचं आणि व्हर्ना मान हलवायची, "मी काय करू बाई, यंत्र म्हणतंय." ओव्हेटानं तिच्याशी बोलणं टाकलं, ते टाकलंच.

तो कोड गावात कुणाला वाचता येत नव्हता, हे व्हर्नाचं नशीब. पण इतरांची पुस्तकं कधीच हरवली होती, आणि ज्या बाईनं जन्मात काही फेकलं नाही ती एकच होती: ओव्हेटा.

गप्प बसावं, असं व्हर्नाला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण डार्लाचं रडवेलं तोंड बघून तिनं स्वेटर चढवला.

"वाट चुकलीस का?" ओव्हेटानं दारातच विचारलं.

"तुझं पाकपुस्तक हवंय. शेवटचं पान."

ओव्हेटानं पुस्तक आणलं, पण हातात दिलं नाही. टेबलावर शेवटचं पान उघडून कडेवर तळवा दाबून ठेवला. "मला येतं का काही यातलं? वाचून दाखव."

व्हर्ना वाचू लागली. ओळ दहा. ओळ वीस. ओळ तीस. "ओळ पन्नास..."

"चाळीस कुठे गेली? मोजता मलाही येतं हो, मास्तरीणबाई."

व्हर्नानं ती वाचली, आणि तिचा अर्थही सांगितला.

ओव्हेटानं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग ओव्हेटानं विचारलं, "आणि तू दर वेळी आणायचीस तरी का गं पुडिंग?"

"निम्म्या वेळी नाही. वह्या तपासायच्या असायच्या."

"म्हणजे करायचं नाही आणि करू द्यायचं नाही! अगं, तो वरच्या मजल्यावरचा ट्रोल परवडला. मला वाटायचं, माझंच पुडिंग कुणाला नको असेल." मग तिनं पुस्तक पुढे सरकवलं. "घेऊन जा. पण एक ओळ गाळलीस तर बघ."

व्हर्नानं गाळली नाही. कंपनीचा वकील तिची साक्ष घ्यायला डॅलसहून आला, पान दोनदा वाचून त्यानं विचारलं, "ही चाळीस नंबरची ओळ प्रोग्रामला गरजेची होती का?"

"प्रोग्रामला नव्हती," व्हर्ना शपथेवर म्हणाली. "मला होती."

हॅस्केलला ठसका लागला. पुढच्याच आठवड्यात कंपनीनं दावा गुंडाळला, आणि फुलवाल्याच्या वरची पितळी पाटीही कुणीतरी काढून नेली.

नोव्हेंबरच्या जेवणाला डार्लाच्या यादीत पहिलं नाव झळकलं: ओव्हेटा क्रेन, केळ्याचं पुडिंग. घंटी वाजली नाही. व्हर्नाच्या नावापुढे ओव्हेटानं स्वतःच लिहून टाकलं होतं: कागदी ताटल्या. ज्या बाईला काहीच रांधता येत नाही, तिच्या वाट्याला येतं ते काम.

व्हर्नानं निमूट ताटल्या मांडल्या. मग पुडिंगचा एक घास घेतला, आणि चमचा खाली ठेवला.

"ओव्हेटा, ती ओळ मी का लिहिली, सांगू?"

"का?"

"तुझं माझ्यापेक्षा चांगलं होतं."

ओव्हेटानं पदार्थांच्या रांगेकडे तोंड फिरवलं, नाक पुसलं, आणि मोठा डाव भरून व्हर्नाच्या ताटलीत पुडिंग वाढलं. "अठरा वर्षं लागली होय गं, एवढं बोलायला? खा आता मुकाट्यानं."