डोळ्यामागचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना की-बोर्ड आहे. किती जुना, ते विचारू नका. माझ्या पांढऱ्या पट्ट्या कधीच पिवळ्या पडल्या आहेत आणि सर्वांत वरच्या तीन दाबल्या तर नुसते 'टक' करतात, वाजत नाहीत. अलेक्झांड्रियात, बहरी मोहल्ल्यात, उस्ता बय्यूमीच्या इस्त्रीच्या दुकानात एका कोपऱ्यात मी भिंतीला टेकून असतो. अंगावर एक विटलेली चादर आणि चादरीवर लोक इस्त्रीला टाकून न्यायला विसरले त्या विजारी. दिवसभर वाफ खातो. मी फार दमलो आहे, मित्रांनो. तरी एकदाचे सगळे सांगून टाकतो.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझी पुष्कळ भावंडे होती, पण आम्हा काही जणांवर बारीक बटणांची एक जास्तीची ओळ बसवली गेली, कारण आम्हाला अरबांच्या देशात जायचे होते. इथल्या गाण्यात काही सूर शेजारच्या दोन पट्ट्यांच्या फटीत राहतात. ते बारीक बटण दाबले की तो सूर बरोबर त्या फटीत जाऊन बसतो. शिवाय माझ्या डाव्या कडेला सगळ्या गाण्याची पट्टी चढवायचे-उतरवायचे एक बटण होते आणि त्याच्याशेजारी लय कमी-जास्त करायचे एक चाक. बटण दाबा की चाक फिरवा, मधल्या छोट्या हिरव्या खिडकीत त्याचा आकडा उमटायचा. ती खिडकी लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात जे काही घडले ते तिच्यापाशीच घडले.

बय्यूमी तेव्हा तरुण होता. दिवसा इस्त्री करायचा आणि संध्याकाळी लग्नांत वाजवायचा. त्याने मला ट्राममधून मांडीवर घेऊन घरी आणले आणि कंडक्टरपाशी माझेही तिकीट काढले. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मग कामाची वर्षे आली. गल्लीत रंगीत कापडाचा मांडव पडायचा, समुद्राचा खारा वारा माझ्या सांध्यांत शिरायचा, नवरदेवाचे मित्र खांद्याला खांदा लावून नाचायचे आणि त्यांच्या हातातले गुलाबाचे सरबत हमखास माझ्यावर सांडायचे. घरी आल्यावर बय्यूमी कोलोनच्या पाण्यात कापूस बुडवून माझी एकेक पट्टी पुसायचा. लोक म्हणायचे, बय्यूमीचा ऑर्ग वाजत नाही, बोलतो. इथे मला ऑर्ग म्हणतात. कौतुक ऐकायला बरे वाटायचे, नाही असे नाही.

आमच्याबरोबर सित्त अवातिफ गायची. सित्त म्हणजे बाई, जसे उस्ता म्हणजे उस्ताद. तिचा नवरा मासे धरायला समुद्रावर गेला तो परत आला नव्हता आणि मुलगी नोहा शाळेत होती. गाण्यावर त्या दोघींचे घर चालायचे. पण अवातिफ पोटासाठी गाते असे तिला ऐकणारा कोणी म्हणाला नसता. ती 'पांढरी दोन' या उंच पट्टीत गायची आणि तिसऱ्या ओळीला असा काही सूर लावायची की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडायच्या.

एकदा एका लग्नात आमच्या आधी दुसरा ताफा होता. त्यातल्या वादकाने भर मांडवात, माइक चालू असताना, आपल्या गायिकेला विचारले, "आज पट्टी किती उतरवू, बाई?" लोक खदाखदा हसले. ती बिचारी कशीबशी गायली आणि त्यानंतर कुठल्याच लग्नात दिसली नाही. परतताना गाडीत अवातिफ म्हणाली, "उस्ता, माझ्यासाठी पट्टी उतरवायची वेळ आली ना, तर उतरवू नका. मला सांगा. मी त्या दिवशी गाणं सोडीन. शब्द आहे माझा."

बय्यूमीने मान डोलावली. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे त्याला ठाऊक होते.

वर्षे गेली आणि ती वेळ आलीच. एका हिवाळ्यात तिसऱ्या ओळीला अवातिफचा सूर थरथरला. पुढच्या लग्नात बय्यूमीने कोणाचे लक्ष नाही असे पाहून डाव्या कडेचे बटण हळूच दाबले. त्याची बोटे त्याच पट्ट्यांवर पडत होती, बघणाऱ्याला वाटावे पांढरी दोनच वाजते आहे. आवाज मात्र एक घर खाली उतरला होता. अवातिफ छान गायली. खिडकीत 'उणे एक' असा आकडा मात्र लखलखत होता. दुसऱ्याच दिवशी बय्यूमीने निळ्या डोळ्याचे एक स्टिकर आणले आणि खिडकीवर चिकटवून टाकले.

"नजर लागते," तो म्हणाला.

या भंगाराला कोणाची नजर लागणार, असे अवातिफने हसून विचारले. ती मस्करी होती, पण मला ती लागली.

त्या डोळ्यामागे आकडा वाढत गेला. उणे दोन झाले, उणे तीन झाले. बय्यूमीला खिडकी बघायची गरजच नव्हती, बटण किती वेळा दाबायचे ते त्याच्या बोटाला पाठ होते. लयीचे चाकही तो अंदाजानेच फिरवायचा. आणि ते चाक फिरवायची पाळी आता वारंवार येऊ लागली होती, कारण अवातिफने एक नवे टुमणे लावले होते.

"जरा सावकाश, उस्ता," ती माइक बाजूला धरून म्हणायची. "नवरी आहे ती, ट्राम नाही धरायची तिला."

बय्यूमी चाक मागे फिरवायचा. नंतर ढोलकवाल्याच्या कानाशी लागून सांगायचा की बाईंचा दम कमी झाला आहे, सांभाळून घ्या.

आता खरे काय ते मी सांगतो. दमाचा काही प्रश्नच नव्हता. लांबलचक ओळ ती अजून एका श्वासात घ्यायची. कमी झाले होते ते बय्यूमीच्या बोटांचे बळ. उभा जन्म जड इस्त्री दाबून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे आखडली होती. झरझर वाजवायचे सूर त्यांतून गळायचे. मला कळणारच, ती बोटे माझ्यावर पडत होती. पण एका लग्नात बरेच सूर गळले आणि पुढच्याच लग्नापासून अवातिफचे 'सावकाश' सुरू झाले. तो तिची पट्टी झाकत होता, ती त्याची बोटे झाकत होती आणि दोघांचे ओझे वाहत मध्ये मी. उगाच नाही दमलो.

पुढे लग्नांतली कामे कमी झाली. मोठे स्पीकर आणि लॅपटॉप घेऊन पोरे येऊ लागली, कळ दाबली की सगळा वाद्यवृंद हजर. मला कोपरा मिळाला, मग चादर मिळाली, मग विजारी मिळाल्या. अवातिफ कधीमधी एखाद्या मेंदीला गायची, तेवढ्यापुरते मला झटकून काढायचे.

आणि नोहाचे लग्न ठरले. नोहा आता मोठी झाली होती, घरीच बसून जाहिरातींचे आवाज रेकॉर्ड करायची. नवरीला वाजतगाजत मांडवात आणतात त्या मिरवणुकीला इथे झफ्फा म्हणतात. आपल्या झफ्फ्याला आईचाच आवाज हवा, असा तिने हट्ट धरला. पण नवरीच्या आईने त्या दिवशी पाहुण्यांना सामोरे जायचे असते, माइक धरून उभे राहायचे नसते. म्हणून गाणे आधीच घरी रेकॉर्ड करून ठेवायचे ठरले आणि साथीला बय्यूमीला बोलावणे आले. तो मलाही घेऊन गेला. नोहा त्याला अम्मू म्हणायची, म्हणजे काका. अम्मू, याची गरज नाही, ती म्हणाली, पण असू दे. आणि मला चादरीसकट फ्रीजला टेकवून ठेवले.

तिचे नवे सामान बघून मला धडकीच भरली. तळहाताएवढी एक पेटी, तिच्यात माइकची तार जायची आणि पलीकडून लॅपटॉपमध्ये शिरायची. वाकड्या दांड्यावर लटकणारा माइक, त्याच्यापुढे काळी जाळी. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींवर टांगलेल्या रजया. आणि एक नवा की-बोर्ड, इतका सडपातळ की काखोटीला मारून न्यावा, त्याच्यावर दिव्यांचे रंगीत चौकोन. त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता.

"आई, पट्टी?" नोहाने विचारले.

"पांढरी दोन," अवातिफ म्हणाली. तिने क्षणाचाही विचार केला नाही.

बय्यूमीचा चेहरा उतरला. त्याचे डावे बोट सवयीने नव्या की-बोर्डच्या कडेला गेले आणि रिकामेच परत आले. तिथे बटण नव्हते. एखादे घर खाली घेऊन बघू या का, असे तो पुटपुटला. पण नोहाने तोवर लॅपटॉपवर सगळे लावून टाकले होते, खरीखुरी पांढरी दोन.

पहिल्या दोन ओळी निघाल्या. तिसऱ्या ओळीला अवातिफने वरच्या सुराला हात घातला आणि आवाज मध्येच फाटला. नेमका त्याच वेळी खाली गॅसवाला, आपण आल्याचे कळावे म्हणून, सिलिंडरवर पाना आपटत गेला.

"त्यानं घालवलं," बय्यूमी घाईने म्हणाला. "ह्या लोकांना वेळकाळ नाही."

पुन्हा सुरू केले. या वेळी गल्लीत चिटपाखरू नव्हते. आवाज पुन्हा तिथेच फाटला. नोहा पडद्याकडे बघत राहिली. बय्यूमी म्हणाला की हे नवे यंत्र जरा वरच लागले आहे, यंत्राचाच दोष. अम्मू, सूर तर बरोबर आहे, असे नोहा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

अवातिफने कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मी फ्रीजपाशी उभा राहून थिजलो. मला तो जुना शब्द आठवला. आता ही गाणे सोडणार, मुलीच्या झफ्फ्याआधीच सोडणार.

ती उठली, सरळ माझ्यापाशी आली आणि तिने चादर ओढली. हा लावा, म्हणाली. बय्यूमीने मला टेबलावर आडवे ठेवून तार जोडली आणि त्याचे बोट सवयीने डाव्या कडेचे बटण दाबून गेले. अवातिफने नखाने निळ्या डोळ्याची कड उचलली आणि तो सोलून काढला. खिडकीत अर्धवट हिरवा आकडा होता, उणे चार.

"डोळा चिकटवायला एवढी जागा होती, उस्ता," ती म्हणाली. "तुम्ही नेमका आकड्यावर चिकटवलात."

बय्यूमीने मान वर केली नाही. "तुम्ही गाणं सोडाल अशी भीती वाटली," तो म्हणाला. "तुम्ही शब्द दिला होता."

"तेव्हा माझा आवाज चांगला होता. आवाज चांगला असला की माणूस काहीही बोलतो."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. गळा माझा आहे."

बय्यूमीने डोळे पुसले आणि घाम आहे असे दाखवले. मग वाजवायला घेताना त्याचा हात लयीच्या चाकाकडे निघाला. पण त्याआधी अवातिफने तो निळा डोळा पुन्हा खिडकीवर ठेवून अंगठ्याने घट्ट दाबला होता.

"असू दे. नजर लागते," ती म्हणाली. "वाजवा. आणि जरा सावकाश."

त्याने चाक मागे फिरवले. डोळ्यामागे लयीचा आकडा उमटला. फार खाली गेलेला आकडा होता तो. त्याने पाहिला असता तर त्याला आपल्या बोटांचे सगळे कळले असते.

गाणे झाले. चहात घालायला पुदिना आणतो म्हणून बय्यूमी खाली उतरला. नोहा पडद्यावरच्या वेड्यावाकड्या रेघा मोठ्या करून बघत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, अम्मूंचा हात जिथे जिथे मागे राहतोय, तिथे तूही तेवढीच थांबतेयस."

अवातिफ हेडफोनची तार गुंडाळू लागली.

"एक बटण दाबलं की दोन्ही सरळ होईल. तुझी पट्टीसुद्धा वर नेता येईल, पूर्वीसारखी."

"माझी नको नेऊस, मला राग येईल," अवातिफ म्हणाली. "आणि त्याचा हात सरळ केलास तर त्याला कळेल. आपला हात माणसाला ऐकून ओळखू येतो. राहू दे तसंच."

जिन्यावर पावले वाजली. नोहाने बटणावरचे बोट काढून घेतले.

लग्नाला मी नव्हतो. मी पुन्हा माझ्या कोपऱ्यात आलो होतो. पण दुसऱ्या दिवशी बय्यूमीने लग्नात टेबलांवर घातलेल्या सफेद कापडांना इस्त्री करता करता एका गिऱ्हाइकाला सगळे सांगितले. नवरी किती डौलात चालत आली, बायका कशा म्हणाल्या की असा झफ्फा हल्ली बघायला मिळत नाही, सगळ्यांना पळायची घाई असते. मग त्याने इस्त्री टेकवून ठेवली, उजव्या हाताची बोटे डाव्या हाताने चोळली आणि आवाज खाली आणला.

"तुम्हाला म्हणून सांगतो. बाईंचा दम आता पूर्वीचा राहिला नाही. म्हणून लय मीच जरा ढिली ठेवतो. त्यांना कळतसुद्धा नाही."

मित्रांनो, मी काय बोलणार? माझ्या तोंडून शब्द निघायला कोणालातरी पट्ट्या दाबाव्या लागतात.

रोबाबेकियावाला, म्हणजे इथला भंगारवाला, रोज गल्लीतून ओरडत जातो. एक दिवस तो मला हातगाडीवर घालून नेईल आणि त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. दमलेल्याला कोणी उचलून नेले तर बरेच की. तोवर एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला वाफेपासून लांब ठेवा, आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा, त्याच्या डोक्यावर विजारी टाकू नका. आणि पुसताना त्याच्या अंगावर एखादे जुने स्टिकर दिसले, तर स्वच्छतेच्या भरात ते खरवडून काढू नका. माझ्या निळ्या डोळ्याची एक कड आता सुटू लागली आहे. बय्यूमी इस्त्री करतो आहे तोवर कोणीतरी ती अधूनमधून अंगठ्याने दाबून ठेवा.