खालच्या बांधावरच्या खुर्च्या

मी चांद्या बैल बोलतोय. उभ्यानेच बोलतो, कारण एकदा बसलो की उठायला आता फार वेळ जातो. खरं तर सांगण्यासारखं माझ्या आयुष्यात विशेष काही घडलेलं नाही. जे घडलं नाही, त्याबद्दलच बोलायचं आहे.

देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथला मी. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांद्या. बाबू आबांनी मला खोंड असताना आणलं आणि पवळ्याच्या जोडीला बांधलं. पवळ्या शांत. मी तेवढा नाही. मला पहिल्यापासून चिखलाचा कंटाळा. भाताच्या मळ्यात नांगर ओढायचा तर ओढायचा, पण काम संपलं रे संपलं की माझे पाय कोरड्या बांधाकडे वळायचे. आबा हसायचे. "ह्याला पायपुसणं टाका कोणीतरी," म्हणायचे.

मग वाडीत पॉवर टिलर आला. लोकांनी एकेक करून बैल विकले. आबांनी आम्हाला ठेवलं ते स्पर्धेसाठी. पावसात आमच्याकडे चिखल नांगरणीची स्पर्धा भरते. पाण्याने भरलेल्या मळ्यात नांगर जुंपून जोडी पळवायची, जी कमी वेळात फेरी मारेल ती पहिली. म्हणजे वर्षभर पेंढा खायचा आणि एक फेरी पळायचं. मला याची थोडी लाज वाटायची. पेंढा मात्र खायचो.

गेल्या वर्षी स्पर्धेचं ठरवायला मंडळाची बैठक आमच्याच खळ्यात, घरापुढच्या अंगणात बसली. गोठा खळ्याला लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. माइक कुणाचा, पाहुणे कोण, बॅनरवर फोटो कुणाकुणाचे. फोटोंवर फार वेळ गेला. आबांची सून दीपाली चहा घेऊन आली. कडेवर शमिका, तिची लहानगी. दीपाली कॉलेज शिकलेली. नवरा विनोद मुंबईला नोकरीला.

"अनिलभाऊजी, एक विचारू?" ती म्हणाली. अनिल मंडळाचा अध्यक्ष. "फेरी संपली की जोडी थांबते कुठं?"

"कुठं म्हणजे? बैल हाय तो वैनी. एसटी नाय, थांब्यावर उभी रहायला."

सगळं खळं हसलं.

"तसं नाही. माणसं खालच्या बांधावर उभी राहतात, तिथं कोरडं असतं म्हणून. आणि बैलपण बाहेर पडायला कोरडंच बघतो ना. म्हणजे दोघांना एकच जागा..." ती अडखळली. "मला आपली उगाच भीती वाटते म्हणा. मी पंख्याखाली पण झोपत नाही."

"मग बैलांना हँडब्रेक बसवूया," कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

मी मात्र रवंथ थांबवला. माझ्या पायांना जे इतकी वर्षं माहीत होतं, ते पहिल्यांदा कुणीतरी तोंडाने बोलत होतं. पळताना आम्हाला ढोल, शिट्ट्या, माणसं काही उमगत नाही. डोळ्यांत चिखल आणि मानेवर जू. पायांना फक्त बांध कळतो. त्यावर कोण उभं आहे हे पाय बघत नाहीत.

"सून बोलत्येय ते काय खोटं नाय," आबा म्हणाले. "लोकांना वरच्या मळ्यात उभं करा. खालच्या बांधाला दोरी लावू, मोकळा ठेवू."

अनिलने "बरं" म्हटलं. मला वाटतं, चहा गार होत होता म्हणून.

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून दीपाली त्या दोरीपाशी उभी. कडेवर पोर, डोक्यावर छत्री. "ओ दादा, वरती जा. मावशी, तिकडनं पण दिसतं." माणसं तिच्याकडे अशी बघत, की ही कोण सांगणार. एकाने तर विचारलं, "बांध तुमच्या माहेरचा काय?" ती हसली आणि त्याला वर पाठवलं. संध्याकाळपर्यंत आवाज बसणार होता तिचा. पण बांध मोकळा राहिला. जोड्या येऊन त्यावर चढत, धापा टाकत थांबत. आम्ही आमच्या पाळीची वाट बघत जू घेऊन उभे होतो.

तेवढ्यात पाहुणे आले. उशिरा आले, आणि पांढऱ्या बुटांत आले. वरच्या मळ्यात चिखल. अनिलने दोरी सोडली आणि खालच्या बांधावर खुर्च्या मांडल्या. खुर्च्या आल्या म्हणताच त्यांच्यापुढे पोरं येऊन बसली.

"भाऊजी, तिथं नको ना," दीपाली धावत आली.

"पाचच मिनिटं, वैनी. पाहुण्यांना काय चिखलात बसवू?"

विनोद स्पर्धेसाठी मुंबईहून आला होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "गप बस गो. सगळे बघतायत."

ती तिथून वळली.  मग तशीच चिखल तुडवत आबांकडे आली. आबांचा हात माझ्या मानेवर होता. त्यांचे गुडघे गेलेले, ही त्यांची शेवटची फेरी असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"आबा, हा तिकडंच जाणार. तुम्हीच म्हणता ना, ह्याला कोरडं लागतं. रागावा मला घरी गेल्यावर. पण आत्ता नको."

आबांनी बांधाकडे बघितलं. मग माझ्याकडे. माइकवर आमचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. आबांनी जू उतरवलं.

"आमची जोडी नाय पळणार," ते म्हणाले.

"बाबू घाबरला," मागून कोणीतरी बोललं. आबा वळले नाहीत.

आमच्यानंतरच्या जोड्या पळाल्या. त्या, नशीब म्हणायचं, दुसऱ्या अंगाला वळल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, खुर्च्या टेम्पोत गेल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दीपालीला त्याचाच फार त्रास झाला.

"बघितलंस? झालं काय?" एवढं बोलून विनोद दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला. वर्षभर दुकानात, नळावर तिला टोमणे. "वैनी, आभाळ आलंय, शाळा बंद ठेवायची काय?" ती हसून साजरं करते. मग संध्याकाळी मला पेंढा टाकताना म्हणते, "आबांची शेवटची फेरी घालवली मी. उगाचच ना रे?" विचारते आणि जाते. बैलाच्या उत्तरासाठी कोणी थांबत नाही.

आता मी थकलो. पळणं संपलं, आबांचंही आणि माझंही. तुमच्याकडेही जत्रा, मेळावा, शाळेचं गॅदरिंग ठरवताना अशी एखादी अडखळत बोलणारी असेल. तिला हसू नका, एवढंच मागणं आहे. ती बरोबर असली की काहीच होत नाही, म्हणून ती बरोबर होती हे तिलाही कधी कळत नाही.

मला कळलं आहे. त्या दिवशी जू मानेवर असतानाच माझे पाय त्या बांधाकडे वळले होते. पहिल्या खुर्चीपुढे, अगदी माझ्या वाटेत, लाल फ्रॉकमधली वाडीतलीच एक पोर मांडी घालून बसली होती. ती यंदा शाळेत जायला लागली. सकाळी आमच्या गोठ्यावरून जाते, पाठीवर मोठं दप्तर. दीपाली खळ्यातून ओरडते, "कडेकडेने जा गो."

ती ऐकत नाही. रस्त्याच्या मधूनच जाते.