आईची रोवणी

माझ्याइतकी कामचुकार मुलगी गोंदियाच्या आमच्या ॲनिमेशन कॉलेजात दुसरी नसेल, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता: घरच्या माणसाचं एक काम, तीस सेकंद, हातानं काढलेलं. एआय वापरलं तर शून्य, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी आईची धानाची रोवणी निवडली. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर आमच्या गावचं धान पिकतं आणि तीस वर्षं आई शेतातल्या बांधीत रोवते आहे.

तिनं माझ्यासाठी अंगणात पदर खोचला, पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जागी गवताची पेंढी घेतली आणि वाकून रोवत रोवत मागे सरकली. पहिल्यांदा शूट करताना माझा मोबाइल पडला, दुसऱ्यांदा ऊन आडवं आलं. तिसऱ्यांदा ती कमरेवर हात ठेवून उठली.

“झालं का वो? नाई त अजून करतो.”

सेकंदाला बारा चित्रं लागतात. चाळीस काढली आणि माझा जीव विटला. मशीनला दोन ओळी लिहिल्या, दोन मिनिटांत रोवणी तयार. पेन्सिलीच्या रेघासुद्धा खऱ्या वाटत होत्या. आईचा व्हिडिओ मी परत उघडलाच नाही.

प्रदर्शनाला आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. पडद्यावरची बाई रोवू लागली तसं सरांनी टाळ्या वाजवल्या. “माँजी, ये आप हो! कैसा लगा?”

आई बघतच राहिली. “हे बाई पुढं पुढं काऊन चालून राहिली? लावलेल्या पऱ्ह्यायवरच पाय देऊन राहिली ना!”

रोवणारी मागे सरकते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

शहरात वाढलेल्या सरांनी विचारलं, “अंजू, माँ को देखके ही बनाया है ना?”

“हो सर.”

आईनं माझा चेहरा पाहिला आणि घाईनं म्हणाली, “माह्यंच चुकलं असन सर. आंगनात मीच पुढं चालली असन. पोरीनं पाह्यलं तसं काढलं.”

“कोई बात नहीं,” सर म्हणाले. मला पैकीच्या पैकी मिळाले आणि मी ते निमूट घेतले.

बसस्टँडवर आई उभ्या उभ्या एकेक पाऊल मागे टाकून बघत होती. “मी मागंच सरकली होती ना अंजू?”

तीस वर्षं रोवणाऱ्या बाईला मी तिच्याच पायांबद्दल शंका घ्यायला लावली होती.

“हो आई. तुझं काहीच चुकलं नव्हतं.”

“मंग कोनाचं?”

मी सगळं सांगितलं. तिनं चारचौघांत कानाखाली दिली असती तरी बरं वाटलं असतं. तिनं फक्त हात कमरेवर ठेवला.

“मंग मले तीन डाव कायले वाकवलं?”